स्क्रीनवर ०.८ मिमी, हाडावर ४ मिमी: चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत नेव्हिगेशन पुन्हा पुन्हा का चुकतं

प्रोबचं टोक डाव्या डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेवर टेकलेलं आहे. सरांच्या (सर्जनच्या) हाताला हाड लागतंय. स्क्रीनवर मात्र तेच टोक हाडापासून ४ मिमी बाजूला, हवेत दिसतंय. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत आकडा आहे: ०.८ मिमी.

मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात नेव्हिगेशनची ट्रॉली सांभाळतो. नेव्हिगेशन म्हणजे प्रोबचं, म्हणजे टेकवायच्या सळईचं, टोक रुग्णाच्या सीटीवर कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. प्रोबवरचे आणि डोक्याला लावलेल्या ट्रॅकरवरचे गोळे बघून कॅमेरा ती जागा काढतो. कॅमेरा लावणं, सीटी चढवणं, रजिस्ट्रेशन (सीटी आणि रुग्णाचा खरा चेहरा यांची जुळणी) करून देणं हे माझं काम. वर लिहिलेला प्रसंग पहिल्यांदा घडला तेव्हा आम्ही रजिस्ट्रेशन पुन्हा केलं. आकडा ०.७ आला, कडेवरचा फरक ३ मिमी. तिसऱ्यांदा केलं, आकडा ०.९, फरक तेवढाच. भूलतज्ज्ञ मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी प्रोब ट्रेमध्ये ठेवला आणि प्लेट एन्डोस्कोपनं बघत, जुन्या पद्धतीनं बसवली. रुग्ण बरा झाला. पण पुढच्या दोन महिन्यांत हाच प्रकार आणखी तीनदा झाला आणि मी वही घातली: सीटी कुठला, किती दिवसांपूर्वीचा, बिंदू कुठून घेतले, बिघाड केव्हा लक्षात आला. ही पोस्ट त्या वहीतून निघालेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्यासारखं काम करणाऱ्या टेक्निशियनसाठी आणि नव्यानं नेव्हिगेशन वापरणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहितोय.

४ मिमी ऐकायला थोडं वाटतं. खोबणीच्या आतल्या भिंतीवर ते किती असतं ते बघा. अश्रुपिशवीच्या पुढच्या हाडाच्या कडेपासून आत गेलं की सरासरी २४ मिमीवर पुढची एथमॉइड धमनी, ३६ मिमीवर मागची, आणि ४२ मिमीच्या आसपास ऑप्टिक नर्व्हचं (दृष्टीच्या मज्जातंतूचं) तोंड. मागच्या धमनीपासून नर्व्हपर्यंत उरतात ६ मिमी. त्यातले ४ यंत्रानं खाल्ले तर सर्जनच्या हाती काय राहिलं?

आमच्याकडे असे चेहरे येतात कुठून हे सोलापूरकरांना सांगायला नको. पुणे-हैदराबाद महामार्ग गावाला लागून जातो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना चाललेल्या असतात आणि मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटकडची पोरं हेल्मेटशिवाय त्यांच्यावर जाऊन आदळतात. गालाचं हाड आत दबलेलं, खोबणीचा तळ फुटलेला, डोळा खोल गेलेला. शिवाय २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसनं ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांच्यातले काही पुनर्रचनेसाठी येतात. त्यांच्या चेहऱ्यात ओळखीच्या खुणाच उरलेल्या नसतात, म्हणून तिथे नेव्हिगेशनची खरी गरज असते. आणि नेमकं तिथेच ते दगा देतं.

आधी बिघाडाचा स्वभाव ओळखा

रजिस्ट्रेशन लगेच पुन्हा करू नका. आम्ही हीच चूक वारंवार केली. आधी एक प्रश्न विचारा: हे सुरुवातीपासून चुकत होतं, की आधी बरोबर होतं आणि नंतर बिघडलं?

पहिल्यापासून चूक असेल तर दोष सीटीत किंवा रजिस्ट्रेशनमध्ये. मधूनच बिघडलं असेल तर डोक्याला लावलेला संदर्भ ट्रॅकर हलला आहे. चित्र येतं-जातं, थरथरतं, तर कॅमेऱ्याला गोळे नीट दिसत नाहीत. एकाच उपकरणानं चुकतं आणि दुसऱ्यानं बरोबर येतं, तर ते उपकरण वाकलंय. फक्त खालच्या जबड्यावर चुकतं, तर यंत्र बहुधा ठीक आहे, जबडा हललाय.

पण या प्रश्नाचं उत्तर देता यायला सुरुवातीची नोंद लागते. रजिस्ट्रेशन झाल्या झाल्या, ड्रेप (निर्जंतुक आच्छादन) टाकायच्या आधी, आम्ही चार-पाच ठिकाणी प्रोब टेकवतो: नाकाचं मूळ, दोन्ही खोबणींच्या बाहेरच्या कडा, वरच्या मधल्या दोन दातांमधली फट, आणि एका बाजूच्या दाढेचं टोक. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट. हाड उघडं झालं की सर लहान गोल बरनं (हाड कोरायच्या ड्रिलच्या टोकानं) न तुटलेल्या, हलणार नाही अशा हाडावर १ मिमीच्या तीन खळ्या पाडतात आणि त्यांची जागा यंत्रात साठवतो. पुढे कधीही शंका आली की प्रोब खळीत. खळी जिथे होती तिथेच दाखवत असेल तर ट्रॅकर जागेवर आहे. सरकलेली दाखवत असेल तर ट्रॅकर हलला, आणि त्याच खळ्यांवरून दोन मिनिटांत पुन्हा रजिस्ट्रेशन होतं, कारण त्यांच्या जागा सगळं बरोबर असताना टिपलेल्या असतात. मात्र खळ्या एका ओळीत पाडू नका, शक्य तेवढ्या दूर दूर पाडा.

०.८ हा आकडा कशाचा?

हे मला समजायला वर्ष लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्वी मेंदूच्या शस्त्रक्रियेत डोक्याला धातूची चौकट स्क्रूनं बसवायचे. हॉर्स्ले आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांसाठी केली, लेक्सेलची माणसासाठीची १९४९ ची. ती चौकट डोक्यावर असतानाच छायाचित्रण आणि तीच असताना शस्त्रक्रिया. चित्र आणि डोकं यांची गाठ चौकटीनंच बांधलेली. १९८६ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी चौकटीविना काम करणारी पद्धत मांडली आणि रुग्णाची त्या लोखंडातून सुटका झाली. पण मग ती गाठ प्रत्येक वेळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आपल्यालाच बांधावी लागते. तिचं नाव रजिस्ट्रेशन.

रजिस्ट्रेशनमध्ये यंत्र आपण टिपलेले बिंदू सीटीवरच्या बिंदूंशी जुळवतं आणि जुळवल्यावर उरलेला फरक कोपऱ्यात लिहितं. म्हणजे ०.८ ही त्या बिंदूंची आपसातली जुळणी आहे. खोबणीच्या तळाशी, जिथे आपण एकही बिंदू घेतलेला नाही, तिथे किती चूक आहे हे तो आकडा सांगत नाही. फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८ मध्ये याचं गणित मांडलं. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं सांगतो. प्रत्येक बिंदू टिपताना साधारण १ मिमी चूक होते असं धरा. ३ बिंदू घेतले तर अपेक्षित आकडा ०.५८ येतो. ४ घेतले तर ०.७१. १० घेतले तर ०.८९. बिंदू वाढवले की आकडा वाईट दिसतो, आणि त्याच वेळी खरी अचूकता सुधारत असते! आम्ही बरोबर उलटं करत होतो: आकडा लहान करण्यासाठी ‘वाईट’ बिंदू काढून टाकायचो, हिरवं दिसलं की खूश व्हायचो.

दुसरी गोष्ट बिंदूंच्या मांडणीची. माझे वडील यंत्रमागावर होते. ते सांगायचे, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) एका टोकाला केसभर तिरका बसला तर त्या टोकाला काही दिसत नाही, दुसरी किनार सैल पडल्यावर कळतं. बिंदूंचंही तसंच. नाक आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांभोवती सगळे बिंदू घेतले की तिथे जुळणी छान होते, पण सगळी कवटी २ अंशांनी तिरकी बसलेली असू शकते. २ अंश म्हणजे ६० मिमी आत गेल्यावर २ मिमीहून जास्त. नाकावर शून्य आणि खोबणीच्या टोकाला २ मिमी, आणि आकडा हिरवाच.

म्हणून नियम एकच: आकडा बघा, पण विश्वास ठेवायचा तो हाडावर टेकवलेल्या प्रोबवर. तेही शस्त्रक्रियेच्या जागेजवळच्या हाडावर. नाकावर टेकवून ‘बरोबर आहे’ म्हणणं निरुपयोगी, कारण नाकावर तर आपणच जुळवलंय.

चूक ओटीत दिसते, होते सीटीच्या खोलीत

वहीतल्या पहिल्या चार बिघाडांपैकी तीन इथे सापडले.

एक रुग्ण बाहेरगावच्या केंद्रातून सीडी घेऊन आला होता. सीडीत मालिका होती, चित्रं स्वच्छ होती, यंत्रानं तक्रार केली नाही. स्लाइस (सीटीचे काप) ३ मिमीच्या होत्या. रिपोर्ट लिहायला ते पुरेसं असतं, नेव्हिगेशनला नाही. खोबणीचा तळ जागोजागी १ मिमीपेक्षाही पातळ असतो. ३ मिमीच्या स्लाइसमध्ये तो धूसर होतो, आणि कातडीचा पृष्ठभाग पायऱ्या-पायऱ्यांचा होतो. त्या पायऱ्यांवर पृष्ठभाग जुळवायचा म्हणजे चुकीला आमंत्रण. जाडी १ मिमी किंवा कमी, शक्यतो ०.६ च्या आसपास हवी.

यातली मेख अशी की मशीननं बहुतेक वेळा बारीकच स्कॅन केलेला असतो. सीडीवर जाड स्लाइस बनवून देतात, कारण फाइल लहान होते. कच्चा डेटा मात्र कन्सोलवर थोडेच दिवस राहतो, मग पुसला जातो. त्यामुळे सीडी हातात आली की त्याच दिवशी उघडून बघा आणि त्याच दिवशी फोन करा. आठवड्यानं केलेल्या फोनचा उपयोग होत नाही, आणि रुग्णाला पुन्हा किरणोत्सर्ग देण्याची वेळ येते.

सीडी उघडल्यावर मी काय बघतो? स्लाइसची जाडी आणि दोन स्लाइसमधलं अंतर, दोन्ही. गॅन्ट्री टिल्ट (सीटी यंत्राच्या कड्याचा कल) शून्य आहे का. डोक्याच्या साध्या सीटीत कधी कधी डोळे वाचवायला गॅन्ट्री तिरकी करतात, आणि तसा स्कॅन एक तर यंत्र नाकारतं किंवा सगळं डोकं तिरकं ढकललेलं दिसतं. मग मधला उभा छेद काढून कपाळाची आणि नाकाची रेघ बघतो. ती अखंड हवी. कुठे पायरी दिसली तर स्कॅन चालू असताना रुग्ण हललाय. तो स्कॅन कितीही पैसे देऊन केलेला असो, नेव्हिगेशनसाठी बाद.

पुढचं म्हणजे चेहरा पुरता आलाय का. नाकाचा शेंडा, सगळं कपाळ, दोन्ही कान. चेहरा मोठा दिसावा म्हणून फील्ड (चित्रात येणारी रुंदी) १८० मिमी ठेवलं की कान कापले जातात आणि बिंदू पसरायला जागाच उरत नाही. २५० मिमीचं फील्ड ठेवलं तरी ५१२ च्या चौकटीत एक पिक्सेल अर्ध्या मिमीपेक्षा कमीच येतो. म्हणजे फील्ड मोठं ठेवून काही गमावत नाही. दातांच्या दवाखान्यातला कोन-बीम सीटी हाडाला उत्तम, पण बहुतेक वेळा त्यात कपाळ नसतं, हनुवटी टेकवण्याच्या पट्टीनं खालचा चेहरा दबलेला असतो आणि कातडी स्वच्छ येत नाही. त्यावर पृष्ठभागानं रजिस्ट्रेशन करायचा हट्ट धरू नका.

आणि पट्टा. डोकं हलू नये म्हणून कपाळावरून घट्ट बांधलेला पट्टा कातडी दाबतो. ओटीत पट्टा नसतो, कातडी वर आलेली असते, आणि आपण सगळ्यात भरवशाचा म्हणून कपाळाचाच पृष्ठभाग टिपतो. आमच्या एका केसमध्ये सगळी गोम या पट्ट्यात होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा लावल्या तरी पुरतं.

सूज

अपघाताच्या चेहऱ्यांत हे सगळ्यात जास्त नडतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं.

अपघाताच्या रात्री सीटी होतो. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला. शस्त्रक्रिया मुद्दाम आठवडाभरानं ठेवतात, सूज उतरावी म्हणून. सूज उतरते. पण यंत्राजवळचा चेहरा अजून त्या रात्रीचाच आहे. प्रोब कातडीवरून फिरवला की यंत्र आठवडाभर जुन्या सुजलेल्या गालाशी आजचा उतरलेला गाल जुळवू बघतं, आणि जुळवण्याच्या नादात सगळी कवटी त्या बाजूला ढकलतं. आकडा थोडा वाढतो, कधी वाढतही नाही.

उपाय तीन. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, चेहऱ्यापुरता, कमी मात्रेचा नवा सीटी. सर ठरवतील तेव्हाच, कारण किरणोत्सर्ग आणि खर्च दोन्ही रुग्णाच्या अंगावर पडतात. दुसरा, पृष्ठभाग फक्त हाडाला चिकटलेल्या कातडीवरून टिपायचा: कपाळ, भुवयांच्या कडा, नाकाचं मूळ आणि पूल, कानशिलाचा वरचा भाग. गाल, ओठ, नाकपुड्या, जबडा वर्ज्य. तिसरा उपाय म्हणजे कातडीचा नादच सोडायचा आणि हाडावरून रजिस्ट्रेशन करायचं, म्हणजे स्प्लिंट किंवा स्क्रू. त्याबद्दल पुढे.

कातडीचं आणखी एक. आमच्या बहुतेक केसेसमध्ये श्वासनळी नाकातून घातलेली असते. ती नळी आणि चिकटपट्टी नाकाचा शेंडा आणि पुडी ओढून धरतात. शेंड्यावरचा बिंदू घेतलात तर तो सीटीतल्या शेंड्याशी कधीच जुळणार नाही. डोळ्यांवरची पट्टीही पापण्यांच्या कोपऱ्यांना ओढते. मॅडमना आधीच विनंती करतो की पट्टी कपाळावर आणि नाकाच्या मुळावर येऊ देऊ नका. त्या ऐकतात.

प्रोबचा दाब हलका ठेवा. गालावर जोर दिला की कातडी सहज २ मिमी दबते. आणि नुसतं कपाळ पुष्कळ घासून काही मिळत नाही: कपाळ चेंडूसारखं गोल आहे, चेंडूवर चेंडू कसाही फिरवला तरी बसतो. भुवईची कड, नाकाचा पूल, खोबणीचा कोपरा अशा वळणांवर यंत्राला पकड मिळते. दोन्ही बाजूंनी, कानशिलापर्यंत मागे.

स्प्लिंट

आमची परिस्थिती खऱ्या अर्थानं सुधारली ती यानं, आणि याला महागडं काही लागत नाही. रुग्णाच्या वरच्या दातांचा ठसा, प्लास्टरचा साचा, त्यावर ॲक्रिलिकची पट्टी. पट्टीला दोन्ही बाजूंना गालाबाहेर येणारे हात आणि त्यांत गुटा-पर्चाचे तुकडे बसवलेले. गुटा-पर्चा म्हणजे दातांच्या रूट कॅनालमध्ये भरतात ते. कुठल्याही दातांच्या दवाखान्यात मिळतं आणि सीटीत स्वच्छ दिसतं. तुकड्याशेजारी प्रोब बसेल अशी बारीक खाच. स्प्लिंट घालून सीटी, तीच घालून ओटीत रजिस्ट्रेशन. दात हाडात घट्ट असतात, त्यामुळे सूज, नळी, पट्टी कशाचाच संबंध राहत नाही.

हात बाहेर काढायचे कारण वर आलंच आहे. सगळे तुकडे दातांजवळ ठेवले तर दातांवर अचूक आणि वर खोबणीत तिरकं. हात बाहेर आणि वर, पुढे-मागे जेवढे पसरतील तेवढे बरे.

दोन सावधगिऱ्या. वरचा जबडाच सुटलेला असेल, म्हणजे ल फोर्ट प्रकारचं फ्रॅक्चर असेल, तर स्प्लिंट त्या सुटलेल्या तुकड्यासोबत हलते आणि तुम्हाला अत्यंत आत्मविश्वासानं चुकीची जागा दाखवते. तिथे ती वापरूच नका. कवटीच्या शाबूत हाडात सीटीआधी बसवलेले बारीक टायटॅनियम स्क्रू हाच मार्ग, ज्यांना दात नाहीत त्यांनाही तोच. दुसरी, ओटीत स्प्लिंट पूर्ण बसलीय का ते डोळ्यांनी बघा. एका बाजूला १ मिमी उचललेली राहिली की वर खोबणीत त्याचे किती होतात ते बीमच्या गोष्टीवरून कळेल.

मधूनच बिघडलं तर

मग संशय थेट संदर्भ ट्रॅकरवर. कपाळाला बांधायचा पट्टा सायनसच्या छोट्या केसला चालतो. पण तेल लावलेल्या केसांवर, तीन तासांच्या केसमध्ये, डोकं दहादा इकडे-तिकडे वळवल्यावर तो सरकतोच. खोबणी आणि गालाच्या हाडासाठी आम्ही केसांच्या आत छोटी चीर देऊन कवटीत स्क्रूनं बसणारा खांब वापरतो. तोही सैल होतो, मुख्यतः सांध्याचा नट. ड्रेप टाकायच्या आधी मी तो हातानं तपासतो आणि सिस्टरना, उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगतो की याला कोपर लागलं तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही. हे वाक्य बोलल्यापासून लोक सांगायला लागले. आधी लपवायचे.

चित्र येत-जात असेल तर गोळे बघा. गोळ्यावर रक्ताचा थेंब पडला की कॅमेरा त्याचं केंद्र चुकीचं धरतो. पुसला तरी पातळ थर राहतो, म्हणून सरळ बदला. गोळा पूर्ण बसला नसेल तरी तेच. ट्रॅकरवरून पारदर्शक ड्रेप ढिला टाकला तर किरण वाकतात. कॅमेरा आम्ही रुग्णाच्या पायाकडून, उंचावर, खाली बघणारा ठेवतो. सर डोक्याशी, असिस्टंट बाजूला, म्हणजे मध्ये कुणी येत नाही. स्टीलचा ट्रे आणि ओटी-लाइटचा झोत कॅमेऱ्याच्या थेट समोर नको.

उन्हाळ्यात एक स्थानिक अडचण. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर असतो. स्टोअरमधून काढलेला तापलेला कॅमेरा थंड ओटीत आणून लगेच वापरला की पहिला काही वेळ मोजमाप सरकत राहतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेइतका आधी सुरू करून ठेवा. आमचे ओटीतले मामा आता रुग्ण आत यायच्या आधीच ट्रॉली आणून चालू करतात.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक यंत्र (कॅमेऱ्याऐवजी चुंबकीय क्षेत्रानं जागा शोधणारं) असेल तर समोर कोण उभं आहे याचा प्रश्न नाही, पण धातू नडतो: तोंड उघडं ठेवायचा गॅग, स्टीलची हेडरिंग, जवळ आणलेला सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र). वस्तू एकेक करून दूर न्या आणि टोक कुठे सरकतं ते बघा.

उपकरणाची तपासणी सगळ्यात सोपी. प्रोबचं टोक ट्रॅकरवरच्या ठरलेल्या खळग्यात ठेवा, यंत्र सांगतं. ऑटोक्लेव्हमधून काढताना पडलेला प्रोब डोळ्याला सरळ दिसला तरी तपासल्याशिवाय देऊ नका.

जे बिघाड नसतात

गालाचं हाड जागेवर उचलून बसवल्यावर त्यावर प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर टोक हवेत दिसलं, तर घाबरू नका. स्क्रीनवर शस्त्रक्रियेपूर्वीचं हाड आहे. हाड बाहेर आलंय म्हणून टोक बाहेर दिसतंय, तेच तर हवं होतं. नव्या रेसिडेंटनी इथे रजिस्ट्रेशन पुन्हा करायला लावल्याचं मी पाहिलंय. खात्री कपाळावरच्या खळीवरून करा.

तसंच आरशातल्या प्रतिमेचं. शाबूत बाजू उलटी करून तुटलेल्या बाजूवर बसवतात आणि त्या रेघेपर्यंत हाड आणतात. ती उलटी करण्याची मध्यरेषा जरा तिरकी धरली गेली तर यंत्र बरोबर आणि आराखडा चुकीचा अशी स्थिती होते. कुठलाही चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे ही रेघ आदल्या दिवशी सरांनी स्वतः बघून मान्य करायला हवी.

खालचा जबडा वेगळा विषय आहे. कवटीवरचं रजिस्ट्रेशन त्याला लागू पडत नाही, तो सांध्यावर फिरतो. एक तर सीटीत आणि ओटीत दोन्ही वेळा दात एकाच चाव्यात बांधून ठेवा, नाहीतर जबड्याला स्वतंत्र ट्रॅकर लावा.

कधी थांबायचं

आमच्याकडे ठरलंय: शस्त्रक्रियेच्या जागेजवळच्या हाडावर २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्क्रीन बंद. हे केस सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं बोललं जातं, आणि बंद करायला सांगण्याचा अधिकार मलाही दिलेला आहे. टेक्निशियननं सर्जनला ‘सर, हे चुकीचं दाखवतंय’ म्हणणं आपल्याकडे सोपं नाही. पण कोपऱ्यात हिरवा आकडा असताना सगळी खोली त्याच्यावर विसंबते, आणि चूक पहिल्यांदा दिसते ती ट्रॉलीशी बसलेल्याला. तेव्हा बोला. नेव्हिगेशनविना शस्त्रक्रिया होऊ शकते. चुकीच्या नेव्हिगेशननं केलेली मात्र रुग्णाच्या डोळ्यावर बेतू शकते.

आता हे सगळं ओटीत करण्यापेक्षा आम्ही रुग्णाच्या हातात सीटी केंद्रासाठी एक चिठ्ठी देतो. छापून घेतली आहे, मराठीत, कारण ती रुग्णाच्या नातेवाइकानंही वाचावी असं वाटतं. हवी तर तशीच उचला:

‘चेहऱ्याचा सीटी, नेव्हिगेशनसाठी. स्लाइस १ मिमी किंवा कमी, सलग. गॅन्ट्री टिल्ट शून्य. फील्ड असं की नाकाचा शेंडा, पूर्ण कपाळ, दोन्ही कान आणि हनुवटी आत येतील. कपाळावर पट्टा बांधू नये, बाजूंना उशी लावावी. चष्मा, कानातलं, नथ, काढता येणारी कवळी काढावी. स्प्लिंट दिली असेल तर ती घालून, दात मिटून स्कॅन करावा. रुग्ण हलल्यास कृपया पुन्हा करावा. सीडीवर बारीक स्लाइसची मूळ डायकॉम मालिका द्यावी, नुसत्या फिल्म चालणार नाहीत. सीडी तपासून आम्ही कळवेपर्यंत मूळ डेटा पुसू नये.’